गृहीतागमा

पदवी मोठी की पदवीवरचा शिक्का? १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याला कायद्याचा आधार नव्हता. मातृभाषेतून शिकून मुलगी तेथे ‘गृहीतागमा’ होई. सरकारदरबारी मात्र त्या पदवीला मान्यता नसे. १९२० साली ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. पैसा आला, शिक्का नाही! तो उमटला १९५१ साली, ३५ वर्षांनी.

पुढे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने बिनमान्यतेच्या संस्थांना पदव्या देण्याची मनाई केली. ठीकच झाले, नाहीतर भोळ्या आईबापांना कोणीही भोंदू लुबाडील. पण हाच कायदा १९१६ साली असता, तर ती पहिली गृहीतागमा झालीच नसती. चाळणी हवीच, फक्त तिच्यातून बियाणे वाहून जाऊ नये.