विस्तृत दीप्तिपरास छायाचित्रण

विस्तृत दीप्तिपरास छायाचित्रण : एकाच दृश्यातील अतितेजस्वी व अतिमंद भागांतील प्रकाशाची संपूर्ण नोंद करण्याचे आणि ती नोंद मर्यादित क्षमतेच्या कागदावर किंवा पडद्यावर दाखविण्याचे तंत्र. दृश्यातील सर्वांत तेजस्वी व सर्वांत मंद भागांच्या दीप्तींच्या गुणोत्तरास दीप्तिपरास म्हणतात. नोंदलेल्या दीप्ती कागदाच्या किंवा पडद्याच्या परासात बसविण्याच्या क्रियेस छटारूपांतरण ही संज्ञा आहे. व्यवहारात ही दोन तंत्रे अनुक्रमे ‘एचडीआर’ व ‘टोन मॅपिंग’ या नावांनी परिचित आहेत. नोंद व दर्शन या दोन क्रिया अलग ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म होय. त्याचे महत्त्व अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतींच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

प्रश्नाचे स्वरूप : भर दुपारच्या उन्हातील प्रदीपन सु. १ लाख लक्स असते, तर पौर्णिमेच्या चांदण्यातील प्रदीपन १ लक्सहूनही कमी असते. डोळ्याची बाहुली लहानमोठी होऊन व दृष्टिपटलाची संवेदनक्षमता बदलून डोळा या दोन्ही स्थितींशी जुळवून घेतो. म्हणूनच उन्हातून लेण्यात शिरलेल्या माणसाला प्रथम काही दिसत नाही व काही वेळाने भिंतीवरील आकृती दिसू लागतात. कॅमेऱ्याला एका उद्भासनात, म्हणजे काचेवर, फिल्मवर किंवा संवेदकावर एकदा प्रकाश पडू देण्याच्या अवधीत, अशी सवलत नसते. छापील कागदावरील पांढरा व काळा यांच्या दीप्तींचे गुणोत्तर सु. १०० : १ किंवा त्याहूनही कमी असते. लेण्याच्या दारातील ऊन व आतील भिंत यांचे गुणोत्तर त्याच्या अनेक पट भरते. भिंतीसाठी उद्भासन वाढविल्यास दार पांढरेफटक होते आणि दारासाठी कमी केल्यास भिंत काळी पडते.

अजिंठ्याचा अनुभव : मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी रंगविलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी छायाचित्रेही घेतली. त्यांच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन यांचा भारतीय लेण्यांवरील ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्या काळातील कोलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असत. त्यामुळे गेरू व तांबडे रंग त्यांवर काळपट उमटत. अजिंठ्याच्या रंगयोजनेत याच रंगांना मोठे स्थान असल्याने छायाचित्र कुंचल्याची जागा घेऊ शकले नाही.

त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या. त्यांपैकीही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या. उरलेल्या सामग्रीवर आधारित दोन खंड १८९६–९७ मध्ये निघाले. प्रती करताना मूळ रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढविण्यात आले होते. हैदराबाद संस्थानाने १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ञ लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी यांच्याकडून चित्रांचे जतन करविले. त्या वेळी लावलेले लाखेचे लेपही पुढे पिवळे पडले. मंद छटा डोळ्यांना दिसाव्यात यासाठी मूळ वस्तूतच फेरफार करण्याची किंमत किती मोठी असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावरील चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. त्यांतील चित्रे ई. एल. व्हॅसी यांच्या रंगीत छायाचित्रांवर आधारलेली होती. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी अतिशय मंद प्रकाशात दीर्घ उद्भासन देऊन ही चित्रे टिपली. तीव्र दिव्यांची धग टळली, तरी एका उद्भासनाची मर्यादा कायमच होती.

तंत्राचा विकास : फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० नंतरच्या दशकात आकाश व समुद्र यांच्यासाठी दोन स्वतंत्र काचा वापरून त्यांचे एकच चित्र छापले. १८९० मध्ये फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड यांनी उद्भासन व काचेवरील काळेपणा यांचा संबंध आलेखाने दाखविला. त्यामुळे काचेवरील काळेपणावरून प्रकाशाचे मापन करणे शक्य झाले. पुढे अँसल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी दृश्यातील दीप्तींची क्रमवार विभागणी करणारी पद्धत रूढ केली. चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटांच्या चित्रणासाठी भिन्न संवेदनशीलतेच्या तीन थरांची फिल्म तयार केली.

संगणकयुगात स्टीव्ह मान व रोझालिंड पिकार्ड यांनी १९९५ मध्ये वेगवेगळ्या उद्भासनांची अंकीय चित्रे एकत्र करण्याची रीत मांडली. पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये तिला सुटसुटीत गणिती रूप दिले. कॅमेरा स्थिर ठेवून त्याच दृश्याची अनेक उद्भासने घेतली जातात. त्यांवरून त्या कॅमेऱ्याचा प्रतिसादवक्र काढतात. मग प्रत्येक बिंदूसाठी वक्रावरून मिळालेल्या मूल्याला उद्भासनकाळाने भागून सापेक्ष दीप्ती ठरवितात. अगदी काळ्या किंवा अगदी पांढऱ्या झालेल्या बिंदूंना कमी व मधल्या छटांना जास्त भार देऊन सरासरी काढली जाते. अशी विस्तृत मूल्ये साठविण्यासाठी ग्रेग वॉर्ड यांनी प्रत्येक बिंदूस ३२ अंकांची (बिटांची) संकेतपद्धती बनविली होती. २००३ मध्ये ‘ओपन-ईएक्सआर’ ही पद्धतीही सर्वांना खुली झाली.

छटारूपांतरण : याचे दोन प्रकार आहेत. व्यापक प्रकारात संपूर्ण चित्राला एकच नियम लावतात. उदा., दीप्तीला १ अधिक दीप्तीने भागल्यास कितीही मोठी दीप्ती १ च्या आत येते. एरिक राइनहार्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे सूत्र मांडले. स्थानिक प्रकारात प्रत्येक बिंदूभोवतीच्या परिसराचा विचार होतो. फ्रेडो ड्युरँड व ज्युली डॉर्सी यांच्या २००२ च्या रीतीत चित्राचा सौम्य पाया व त्यावरील बारकावे वेगळे करून फक्त पाया दाबला जातो. स्थानिक रीतींत बारकावे खुलतात; मात्र काळजी न घेतल्यास कडांभोवती खोटी प्रभावलये उमटतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शन्मुगनाथन रामन व सुभाशिष चौधुरी यांनी २००९ मध्ये याच गाळणीच्या आधारे भिन्न उद्भासने थेट जुळविण्याची रीत दिली. थेट जुळणीत चित्र लवकर व सुबक मिळते. मात्र दीप्तींची स्वतंत्र नोंद मागे राहत नाही. भ्रमणध्वनींत हे तंत्र २०१० पासून सर्रास आढळते.

मूल्यमापन : छटारूपांतरित चित्र हे पुरावा नसून पुराव्याचा एक अन्वय आहे. कोणती छटा उजळावी, कोणती दाबावी, हा निर्णय माणूस किंवा त्याने रचलेले सूत्र घेत असते. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यानेही असाच निर्णय घेतला. परंतु त्याच्या प्रतीत नोंद व निर्णय एकजीव झाले आणि प्रत जळताच दोन्ही गेली. विस्तृत दीप्तिपरास पद्धतीत मूळ उद्भासने जपल्यास पुढील पिढी वेगळा अन्वय लावू शकते आणि त्यासाठी भिंतीला हातही लावावा लागत नाही.

ही बाब अजिंठ्यापुरतीच मर्यादित नाही. चाकूर, औसा, उदगीर हा लातूर जिल्ह्यातील टापू अजिंठ्याप्रमाणेच १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी ठिसूळ जांभ्या दगडात कोरलेली आहेत व तेथील शिल्पे झिजत आहेत. अशा ठिकाणी तिपाईवर कॅमेरा ठेवून, छिद्र व केंद्रीकरण न बदलता, केवळ उद्भासनकाळ टप्प्याटप्प्याने दुप्पट करीत घेतलेली पाचसात चित्रे उपयुक्त ठरतात. ती प्रक्रिया न करता, उद्भासनकाळाच्या नोंदीसह आणि एकाहून अधिक ठिकाणी जपून ठेवणे आवश्यक असते. अजिंठ्याच्या प्रतींना दोन वेळा लागलेल्या आगीचा हाच धडा आहे.