फवारा आणि नळी

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर कढया चढतात. थंडीत गराडू, मग भुट्ट्याचा कीस, मालपुवा आणि शेवटी ताटलीभर पसरलेला, पाक गळणारा जलेबा. दातांच्या डॉक्टरांना या गल्लीचा राग यायला हवा. पण रात्री अकराला शोधायला गेलं तर त्यांच्यातलेही चारदोन इथेच सापडावेत.

दातांच्या दुरुस्तीचा सराफीशी संबंध मात्र जलेब्यापेक्षा बराच जुना आहे. मोती विंधण्याची आपल्याकडची पारंपरिक पद्धत अशी: लाकडी ठोकळ्याच्या खळग्यात मोती बसवायचा, त्यावर सामत्याचं टोक टेकवायचं आणि कमान पुढेमागे ओढत ते फिरवायचं. शेजारी करवंटीत पाणी. कमान चालवता चालवताच कारागीर करंगळी पाण्यात बुडवतो आणि थेंब टोकावर सोडतो. हाताची लय मोडत नाही, मोती तापून तडकत नाही. टोकाला गारवा हवा आणि निघालेला भुगा वाहून जायला हवा, ही दोन्ही कामं एका करंगळीवर. आज डेंटिस्टच्या हातातल्या यंत्राच्या डोक्याला जी तीन-चार बारीक भोकं असतात, त्यांतून निघणारा फवारा याच दोन कामांसाठी असतो.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या दफनभूमीत नऊ जणांच्या मिळून अकरा दाढांना भोकं पाडलेली सापडली. ‘नेचर’ नियतकालिकात २००६ साली ते संशोधन छापून आलं, तेव्हा त्यांचं वय ७,५०० ते ९,००० वर्षं सांगितलं गेलं. गावात मणी बनवण्याचा धंदा होता, गारगोटीची बारीक टोकं तिथेच मिळाली. संशोधकांनी तसं टोक कमानीवर चढवून पाहिलं, तर मिनिटाच्या आत दाताला भोक पडलं. म्हणजे जगातल्या, आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या डेंटिस्टांपैकी एक बहुधा मणेरी होता. त्याने पाणी वापरलं की नाही ते दाढा सांगत नाहीत.

मधली काही हजार वर्षं या विद्येने आपल्याकडे फारशी प्रगती केली नाही. दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची, ‘किडा’ पडला म्हणून समाधान मानायचं, नाहीतर वैदूकडून दाढ उपटून घ्यायची. इंदुरात रेसिडेन्सीच्या आश्रयाने १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे तिचं नाव किंग एडवर्ड मेडिकल स्कूल झालं आणि तिथून डॉक्टर बाहेर पडू लागले. दातांसाठी वेगळं कॉलेज यायला १९६१ उजाडावं लागलं. एमवाय हॉस्पिटलच्या शेजारचं ते सरकारी डेंटल कॉलेज.

ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच्या आगेमागेच दात कोरण्याचं यंत्र मुळापासून बदललं होतं.

त्याआधीची शंभर वर्षं वेग वाढवण्यात गेली. इंग्लंडच्या हॅरिंग्टनने १८६४ मध्ये घड्याळासारखी किल्ली देऊन चालणारं यंत्र काढलं. किल्ली दोनेक मिनिटांत उतरायची. अमेरिकेत मॉरिसनने १८७१ मध्ये शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं यंत्र पेटंट केलं आणि ते जगभर गेलं. मग वीज आली. मोटर, तिच्यापासून निघालेला सांध्यासांध्यांचा दांडा आणि त्यावरून कप्प्या फिरवत जाणारा दोरा, असं ते ‘डेंटल इंजिन’ अनेकांच्या आठवणीत पक्कं बसलेलं आहे. फेरे मिनिटाला काही हजार. दाढेवर टेकवलं की आवाज कानाने ऐकू येण्याआधी कवटीला कळायचा. कोरडं कोरताना जळक्या शिंगासारखा वास यायचा. दोन क्षण कोरायचं, थांबायचं, हवा मारायची, रोग्याने थुंकायचं, पुन्हा कोरायचं. थांबणं हाच गारवा.

वेग वाढवावा तर उष्णता वाढते, आणि दाताच्या आत मज्जा असते, जिवंत, रक्तवाहिन्यांसकट. तिला किती ताप सोसतो याचं उत्तर पुढे १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग करून दिलं. मज्जेचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने चढलं, तर शंभरातल्या पंधरा दातांची मज्जा कायमची गेली. अकरा अंशांनी चढलं तर साठ दातांची. साडेसोळा अंशांना एकही वाचला नाही. जलेब्याच्या पाकाला हात लावून बघणाऱ्या माणसालाही हा फरक मोठा वाटणार नाही. दाताला वाटतो.

न्यूझीलंडमधले डॉ. जॉन वॉल्श यांनी १९४९ मध्ये सिमन्स या सहकाऱ्याबरोबर मिनिटाला ३,००० आणि ६०,००० फेऱ्यांना किती उष्णता निर्माण होते ते मोजलं. वॉल्श यांचं आणखी एक निरीक्षण असं की थरथर फार जलद झाली की माणसाला ती जाणवेनाशी होते. मग वेग इतका वाढवावा की रोग्याला कळूच नये. दोरा-कप्पीला तो झेपणारा नव्हता. म्हणून त्यांनी दाबाच्या हवेवर फिरणारं चिमुकलं चक्र करून त्याच वर्षी पेटंट घेतलं. यंत्र फिरलं, पण शिट्टीही जबर वाजवत होतं.

अमेरिकेत रॉबर्ट नेल्सन यांनी हवेऐवजी पाण्याचा मार्ग धरला. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये त्यांच्या गटाने १९५३ मध्ये दाखवलेल्या यंत्रात चक्र फिरवायलाच पाण्याचा दाब होता. पाणचक्कीच म्हणा, फक्त वाटाण्याच्या आकाराची. फेरे ६१,०००. कल्पना सुंदर, पण बाजार शेवटी हवेने जिंकला. १९५७ मध्ये जॉन बोर्डेन यांचं ‘एअरोटर’ आलं, मिनिटाला सुमारे तीन लाख फेऱ्यांचं. त्या वेगाला पाण्याच्या फवाऱ्याशिवाय दाताजवळ जाणंच अशक्य, म्हणून करंगळीचा थेंब यंत्राच्या पोटात गेला.

वनस्पती तुपाचं ‘डालडा’ झालं तसं आपल्याकडे या यंत्राचं ‘एअरोटर’ होऊन बसलं. मूळ कंपनीने आपल्या यंत्राला दिलेलं ते नाव होतं हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. इंदुरात डेंटलचं सामान विकणाऱ्याकडे एअरोटर मागितला तर पहिला प्रश्न येतो, “टू होल की फोर होल?” यंत्राच्या शेपटीला नळ्या जोडायची ही भोकं. दोन भोकांच्या जोडणीला जगभर बोर्डेनचंच नाव आहे. एकातून दाबाची हवा आत, दुसऱ्यातून पाणी, आणि चक्र फिरवून झालेली हवा बाहेर सुटते. चार भोकांत वापरलेली हवा परत नेण्याचं मोठं भोक वेगळं, आणि फवाऱ्यात मिसळायच्या हवेचं वेगळं. पाणी मिनिटाला निदान पन्नास मिलिलिटर तरी यायला हवं. चहाचा छोटा कट असतो ना, साधारण तेवढं, दर मिनिटाला, माणसाच्या तोंडात.

आणि इथे खरी पंचाईत सुरू झाली. पाणी आणलं, पण ते न्यायचं कुठे?

इंदूरला हा प्रश्न परका नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला शहराच्या आखणीचा दोन भागांतला अहवाल दिला. तळी, नदी, वस्त्या यांचा विचार करताना सांडपाण्याच्या महागड्या योजनेशी त्यांनी बराच वाद घातला. पुढे बिलावली आणि यशवंतसागर हे तलाव पुरेनासे झाले. १९७० मध्ये लोक नर्मदेच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि १९७८ मध्ये सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून, दीड हजार फुटांहून जास्त चढ चढवून, ते शहरात पोचलं. पाणी आलं, तसं कान्ह आणि सरस्वती या नद्यांचं गटार होत गेलं. तोंडाची गोष्ट लहान, पण घडण तीच.

जुन्या खुर्चीत रोगी ताठ बसायचा. डावीकडे तस्त, डॉक्टर उजवीकडे उभा. तोंड भरलं की “चूळ भरा”, आणि रोगी टॉवेल सांभाळत वाकायचा. लाळ ओढणारी नळी १८८०च्या दशकापासून होती. नळाच्या पाण्याला अरुंद गळ्यातून पळवलं की तिथला दाब कमी होतो, आणि बाजूची नळी लाळ ओढून घेते, अशी युक्ती. चांगलं पाणी वाहवून थोडी लाळ काढायची! एक दिवसाआड नळ येणाऱ्या गावात हा हिशेब कोण मांडणार? तीच युक्ती पुढे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालू लागली आणि आपल्याकडे तीच रुजली. ओठाला अडकवायचा वाकडा प्लास्टिकचा दांडा म्हणजे ही नळी. तिची ताकद लाळेपुरतीच. एअरोटरच्या फवाऱ्यापुढे ती ओढ्यात लावलेली सरबताची नळी.

मोठ्या तोंडाच्या, जोरदार ओढणाऱ्या ‘हाय व्हॅक्यूम’ नळीची परंपरा वेगळी आहे. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे दातांच्या क्ष-किरणांचे आद्य अभ्यासक. किरणांनीच पुढे त्यांचा हात गेला. शस्त्रक्रियेत रक्त ओढून घेणाऱ्या सक्शन पंपामागेही याच डेंटिस्टचं डोकं होतं. नंतर एल्बर्ट थॉम्प्सन या अमेरिकन डेंटिस्टने ‘धुतलेलं क्षेत्र’ अशी पद्धत सांगितली: पाणी सतत सोडा, सतत ओढा, थांबू नका. १९५८ च्या सुमारास नॉटन यांची मागे आडवी होणारी खुर्ची आली. रोगी आडवा झाला, तर पाणी सरळ घशात जाणार, म्हणून नळी सोडायची सोय राहिली नाही. नळी धरायला माणूस लागला. डॉक्टर खाली बसला, समोर सहाय्यक बसली, आणि दोघांचे चार हात एका तोंडात काम करू लागले. पाठदुखीने बेजार झालेल्या त्या पिढीच्या डेंटिस्टांसाठी हा बदल तीन लाख फेऱ्यांपेक्षा मोठा असावा, असं मानायला जागा आहे.

आपल्याकडे चार हातांची ही पद्धत उशिरा आणि अर्धीमुर्धी आली. एकखोली दवाखान्यात कॉम्प्रेसर बाथरूममध्ये, बाहेरून दार लावून. बिनतेलाचा नसेल तर नळीतून तेलाचा वास. दिवे गेले तर टाकीत साठलेल्या हवेवर जेवढी दाढ कोरली जाईल तेवढी. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मध्य प्रदेशात वीजकपातीत ज्यांनी दवाखाने चालवले, त्यांना टाकीचा काटा बघत दात भरण्याचं कसब वेगळं शिकवावं लागलं नाही. त्यात हाय व्हॅक्यूमची आणखी एक मोटर म्हणजे चैनच. पुष्कळ ठिकाणी एअरोटरचं पाणी कमी करून वेळ निभावली जाई. हा हिशेब दाताच्या मज्जेकडून वसूल होतो.

पाण्याचीही स्वतःची कुरबुर असते. जड पाण्याचे क्षार त्या केसाएवढ्या भोकांत बसतात आणि फवारा एका बाजूने आंधळा होतो. अनुभवी सहाय्यक बारीक तार घालून ती भोकं साफ करते. त्याहून वाईट गोष्ट नळीच्या आत घडते. बारीक नळीत रात्रभर पाणी उभं राहिलं की भिंतीला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांची एक बाई लिजिओनेला जंतूंमुळे न्यूमोनिया होऊन गेली. तिच्या घरच्या नळात ते जंतू सापडले नाहीत, डेंटिस्टच्या यंत्राच्या पाण्यात सापडले. म्हणूनच खुर्चीला स्वतंत्र बाटली लावतात, तिच्यात शुद्ध पाणी भरतात आणि सकाळी पहिल्या रोग्याआधी नळ्या वाहवून घेतात.

ओढलेल्या पाण्याचं ओझं वेगळं. ‘चांदी भरणे’ या लाडक्या शब्दातली चांदी निम्म्याच्या आसपास पाऱ्यात कालवलेली असते. जुनी चांदी कोरून काढली की तिचा चुरा नळीतून गटारात जातो. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदुरात ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला घरोघरी शिकले आहेत. सक्शनच्या बाटलीच्या तळाशी साचलेला राखाडी गाळ मात्र कुठल्याच कचरागाडीच्या गाण्यात बसत नाही.

नळीला खरी किंमत २०२० मध्ये आली. त्या एप्रिलमध्ये, कोविडच्या साथीत, इंदूर देशातल्या सर्वांत वाईट अवस्थेतल्या शहरांपैकी होतं. एअरोटर उडवतो त्या तुषारांत जंतू किती असतात याचे अभ्यास अमेरिकेत मिकिक आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच छापले होते, पण पन्नास वर्षं ते ग्रंथालयात राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्ये डेंटिस्टांसाठी सूचना काढल्या आणि ज्यांच्याकडे हाय व्हॅक्यूम नव्हतं ते त्याच्या चौकशीला लागले. तोंडाबाहेर हत्तीच्या सोंडेसारखी उभी राहणारी ओढणी यंत्रंही आली. त्यांतली काही आता दवाखान्याच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालण्याच्या कामी येत असतील.

परदेशांतल्या बऱ्याच नव्या खुर्च्यांना तस्त नसतंच, नळीने सगळं आवरलेलं असतं. इथल्या खुर्चीला मात्र हाय व्हॅक्यूमही असतं आणि काचेचं तस्तही, शेजारी आपोआप भरणारा पेला. जेवल्यावर चूळ भरल्याशिवाय पानावरून न उठणाऱ्या माणसांना कोरड्या तोंडाने खुर्चीवरून उठवणं कोणाला जमलेलं नाही. रामबागेतल्या एखाद्या दवाखान्यात सहाय्यक नळी हुकाला अडकवते, खुर्ची घरघरत सरळ होते, तोंडात थेंबभरही पाणी उरलेलं नसतं. तरी आजी पदर सावरतात, डावीकडे वळतात आणि पेल्यात पाणी चढेपर्यंत वाट बघतात.