नवजात बालकाची डीएनए चाचणी : विज्ञान, कायदा आणि ख्रिस्तसभेची संहिता

एका बालकावर दोन स्त्रिया हक्क सांगत असता शलमोन राजाने तलवार मागवून खरी माता ओळखली. आज न्यायालये डीएनए अहवाल मागवितात. हे तंत्र इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली शोधले. भारतात ते हैदराबाद येथे डॉ. लालजी सिंग यांनी रुजविले.

तत्पूर्वी केवळ रक्तगटाचा आधार होता, आणि तो तोकडा होता. आईवडील दोघेही ‘ओ’ गटाचे आणि बाळ ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे निघाले की संशयाला वाट मिळे. परंतु १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ भासतो, मात्र अशा व्यक्तीचे मूल ‘ए’ वा ‘बी’ गटाचे असू शकते. रक्तगटाच्या कागदावरून कोणी कुणाच्या चारित्र्याविषयी बोलू नये, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

डीएनए चाचणीचे तत्त्व सुबोध आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, दुसरे वडिलांकडून येते. गुणसूत्रांवर काही ठिकाणी एकच लहानसा क्रम पुनःपुन्हा आलेला असतो आणि तो किती वेळा आला हे माणसागणिक भिन्न असते. प्रयोगशाळेत अशी पंधरा-वीस किंवा अधिक ठिकाणे तपासली जातात. बाळाच्या प्रत्येक ठिकाणच्या दोन आकड्यांपैकी एक आईशी व दुसरा वडिलांशी जुळावा लागतो. एखाद्या ठिकाणी न जुळणे हे नैसर्गिक बदलामुळेही संभवते. अनेक ठिकाणी जुळले नाही, तर नाते नाही असे निश्चितपणे म्हणता येते. बाळाला सुई टोचावी लागत नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरविला की पुरते. मात्र नुकतेच अंगावर पाजले असेल तर आईच्या पेशी मिसळू नयेत म्हणून थोडे थांबतात.

ही चाचणी काय करू शकते आणि कोठे थांबते, हे आसाममधील एका घटनेत स्पष्ट दिसते. ११ मार्च २०१५ रोजी दरांग जिल्ह्यातील मंगलदै येथील सरकारी रुग्णालयात दोन मुलगे जन्मले. एक मुस्लिम शिक्षकाच्या घरचा, दुसरा बोडो आदिवासी कुटुंबातला. बाळाचा चेहरा आपल्यापैकी कुणाशीही मिळत नाही, असे शिक्षकाच्या पत्नीस वाटू लागले. प्रसूतिकक्षात पाहिलेली बोडो स्त्री तिला आठवत होती. रुग्णालयाने तिची शंका मानली नाही. शिक्षकाने माहितीच्या अधिकारात त्या दिवशीच्या जन्मांची यादी मिळविली, हैदराबादला नमुने पाठविले. माता आणि बालक यांचे नाते जुळले नाही. प्रकरण पोलिसांकडे गेले, आणि २०१६ साली गुवाहाटी येथील तपासणीने अदलाबदल सिद्ध केली.

जानेवारी २०१८ मध्ये मुले परत देण्यासाठी दोन्ही कुटुंबे न्यायालयात आली, तेव्हा ती जवळजवळ तीन वर्षांची होती. ज्या आईने वाढविले तिला ती बिलगली, रडू लागली. दोन्ही घरांनी मुले आहेत तेथेच ठेवण्याचे ठरविले आणि तसे न्यायालयास कळविले. अहवाल अचूक होता. तरीही त्याची अंमलबजावणी झाली नाही, आणि आमच्या मते ते योग्यच झाले.

वडिलांविषयीचा संशय मात्र वेगळ्या जातीचा असतो. वैध विवाहात जन्मलेले मूल पतीचेच, हे गृहीत १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. अशी चाचणी सरसकट फर्मावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. २०१४ साली झालेल्या चाचणीचा निष्कर्ष त्याने या गृहीताहून वरचढ मानला. तर २०२३ साली, पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी बालकाची चाचणी मागणाऱ्या पतीची मागणी अमान्य केली. त्या वादात मूल पक्षकार नव्हते, आणि आईबापांच्या भांडणात त्याला पुरावा म्हणून उभे करू नये, हा विचार आम्हास मोलाचा वाटतो.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११३८ याच धर्तीचे आहे. वैध विवाह ज्याच्याकडे निर्देश करतो तो पिता. स्पष्ट पुराव्याने विरुद्ध सिद्ध झाले तरच अपवाद. अविवाहित मातेच्या बालकाच्या स्नानसंस्काराची नोंद करताना कलम ८७७ लागू होते. पित्याचे नाव लिहिण्यासाठी पितृत्व सिद्ध करणारा सार्वजनिक दस्तऐवज लागतो, अथवा त्या पुरुषाने धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर स्वतः तसे सांगावे लागते. दोन्हींपैकी काहीच नसेल तर पित्याच्या नावाचा उल्लेख न करता बालकाचे नाव नोंदविले जाते. या कारणासाठी कोणाही मातेने बाळाचा स्नानसंस्कार लांबणीवर टाकण्याचे प्रयोजन नाही.