ब्रोव्हिॲक कॅथेटर

आतड्यातून पुरेसे पोषण शोषले जात नाही अशा रुग्णाला घरीच शिरेवाटे पोषणद्रव देण्यासाठी मोठ्या शिरेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवली जाणारी सिलिकॉन रबराची नळी. पोषणद्रव फार तीव्र असल्याने हाताच्या बारीक शिरा सुजून निकामी होतात. म्हणून नळीचे टोक ऊर्ध्व महानीला हृदयाला मिळते तिथे ठेवतात. तिथल्या जोरदार प्रवाहात द्रव लगेच विरळ होतो.

इतिहास : केवळ शिरेवाटे पोषण देऊनही शरीराची वाढ होते, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील स्टॅन्ली डड्रिक व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले. सिॲटलचे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये शंट (रोहिणी व नीला जोडणारी नळी) बसवून दीर्घकाळ डायलिसिस शक्य केले होते. त्यांच्या गटाने १९७० मध्ये ‘कृत्रिम आतडे’ ही कल्पना मांडली आणि १९७३ मध्ये ब्रोव्हिॲक, कोल व स्क्रिब्नर यांनी या नळीची माहिती प्रसिद्ध केली. रॉबर्ट हिकमन यांनी १९७९ मध्ये तिचे भोक १ मिमीवरून १.६ मिमी केले.

रचना : नळी छातीच्या कातडीखालून बोगद्यासारखी नेतात. बोगद्यातील नळीवरच्या डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कफभोवती (पट्ट्याभोवती) काही आठवड्यांत ऊती वाढून नळी पक्की बसते व बाहेरच्या जंतूंना अटकाव होतो.

निगा : नळीचे आयुष्य मुख्यतः घरी ती जोडणाऱ्या-सोडणाऱ्या हातांवर ठरते. जंतू बहुधा बाहेरच्या टोकातून, म्हणजे हबमधून, आत शिरतात. म्हणून पंखा बंद करून, साबणाने हात धुऊन, पुसलेल्या टेबलावर सामान मांडतात. हब स्पिरिटच्या किंवा क्लोरहेक्सिडिनच्या पुसणीने किमान १५ सेकंद जोर लावून घासतात आणि आपोआप वाळू देतात. फुंकर मारत नाहीत. सलाइन थांबत-थांबत सोडतात, म्हणजे आतल्या भिंतीला चिकटलेले निघते. सिरिंज १० मिलीची किंवा मोठी वापरतात. लहान सिरिंजचा दाब नळी फाडू शकतो. पारदर्शक ड्रेसिंग साधारण आठवड्याने, गॉजचे दोन दिवसांनी बदलतात. ओले किंवा सुटलेले असल्यास तत्काळ. याच नळीतून रक्त काढणे शक्यतो टाळतात.

बिघाड : पोषणद्रव सुरू केल्यावर हुडहुडी भरून ताप येणे हे, दुसरे कारण सापडेपर्यंत, नळीच्या संसर्गाचे लक्षण धरतात. द्रव थांबवून रुग्णालय गाठावे. तिथे नळीतून व हाताच्या शिरेतून रक्त घेऊन कल्चर करतात. नळी तुंबल्यास जोर लावू नये. रक्ताच्या गुठळीवर अल्टेप्लेज, स्निग्धाच्या थरावर इथेनॉल, क्षारांच्या साक्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, असे उपाय रुग्णालयात करतात. नळी चिरल्यास चिरेच्या आत, शरीराच्या बाजूला क्लॅम्प लावतात. बाहेरचा भाग अनेकदा दुरुस्त करता येतो.

मतभेद : वापरात नसताना नळी भरून ठेवण्यासाठी पूर्वी हेपारिन रूढ होते, आता बरीच केंद्रे सलाइन पसंत करतात. वारंवार संसर्ग होणाऱ्यांत नळीत टॉरोलिडिन हे जंतुरोधक भरून ठेवण्याचा उपयोग होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पोहण्याबाबत एकमत नाही.

महत्त्व : प्रत्येक संसर्ग किंवा गुठळीनंतर एखादी मोठी शीर कायमची गमावण्याचा धोका असतो, आणि अशा शिरा मोजक्याच असतात. त्या संपत आल्या की आतड्याच्या प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. म्हणून रुग्ण व घरच्यांना हाताला धरून शिकवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.