नक्षी, ओळ आणि पाठभेद

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. चादरीवर नक्षी उमटवणाऱ्या जकार्ड यंत्रणेचे संगणकाशी जुने नाते आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही ते ध्यानात घ्यावे. कारण हा इतिहास मुळात लिहिणे आणि तपासून वाचणे यांच्या संबंधाचा आहे.

जोसेफ मारी जकार्डने ही यंत्रणा फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास सिद्ध केली. नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवायची आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो. एका चुकीच्या भोकाचा दोष प्रत्येक चादरीत उतरतो. तो हुडकणाऱ्याला कापडावरून कार्डाकडे उलटे वाचत जावे लागते.

चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे योजिली. 1843 मधील टिपणांत एडा लव्हलेसने त्या यंत्राची तुलना फुलेपाने विणणाऱ्या मागाशी केली आणि यंत्र स्वतःहून काही निर्माण करीत नाही, असेही बजावले.

पुढे संगणकाचे प्रोग्रामही कार्डांवर लिहिले जाऊ लागले. बहुधा एका कार्डावर एक ओळ. कार्डे मागे पडली तरी ओळ टिकली. 1969 मध्ये केन थॉम्सनने लिहिलेल्या 'एड' या संपादकात मजकूर सतत डोळ्यांपुढे नसे. कोणत्या ओळीत काय बदलायचे, हे एकदोन अक्षरांच्या आज्ञेत नेमके सांगावे लागे. 1976 मध्ये बिल जॉयने 'व्हीआय'मधून ती शिस्त पडद्यावर आणली. 1974 पासून युनिक्समध्ये 'डिफ' होताच. दोन प्रतींतील फरक ओळीओळीने दाखवणारा हा प्रोग्राम म्हणजे पाठभेदांची यादीच.

2021 मध्ये 'गिटहब कोपायलट' आला आणि त्याच वर्षी व्हीआयच्या कुळातील 'निओव्हिम'मध्येही चालू लागला. आता यंत्रच ओळी सुचवते. मग जुने कौशल्य निरुपयोगी ठरले काय?

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुकथनकर यांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. त्यांनी संपादिलेले आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाले. पाठचिकित्सेत सुलभ पाठ संशयास्पद मानतात. कारण लेखनिक अवघड शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो. कृत्रिम बुद्धीचा साहाय्यकही असाच लेखनिक आहे. तो रुळलेली ओळ सहज लिहितो. विचित्र वाटणारी, पण सकारण ठेवलेली ओळ गुळगुळीत करून टाकण्याचा धोका त्याच्याकडून असतो. एक ओळ दुरुस्त करायला सांगावी, तर कधी दहा ओळी बदलून येतात.

अशा वेळी हवी तीच ओळ वेगळी काढणे, दोन प्रती ताडून पाहणे आणि बाकीच्याला हात न लावणे, ही जुन्या संपादकांनी अंगी बाणवलेली सवय कामी येते. यंत्राने लेखनाचे श्रम कमी केले आहेत. पाठ स्वीकारण्याची जबाबदारी मात्र अजूनही वाचणाऱ्याचीच आहे.