लिनियसच्या कोष्टकापासून बारापेडेच्या गुहेपर्यंत
समुद्री स्लग म्हणजे कवच गमावलेली वा ते नाममात्र उरलेली समुद्री गोगलगाय, तर वटवाघूळ हा खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी. १७५८ मध्ये वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने स्लगला ‘कृमी’ या सरमिसळ वर्गात ढकलले, वटवाघळाला मात्र माणसाच्याच गणात बसवले. भारतातील स्लगांचा पहिला महत्त्वाचा संग्रह वॉल्टर इलियट यांनी पूर्व किनाऱ्यावर केला आणि त्याचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ अल्डर व हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केले.

बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत सापडलेल्या, कपाळावरून पुढे झुकलेल्या लांबरुंद कानांच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये केले. जगण्याच्या रीतीतही दोघांत फरक आहे: स्लग उभयलिंगी असून हजारो अंडी घालतो आणि त्याच्या काही जाती भक्ष्याच्या दंशपेशी न पचवता स्वसंरक्षणासाठी साठवतात. वटवाघळाची मादी मात्र बहुधा वर्षाला एकच पिल्लू देते, म्हणूनच गुहेतील माणसांची वर्दळ वटवाघळांना फार महागात पडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकले, हा मोठाच अन्याय होता. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली.