हेरोकू: ब्राउझरमधून काळ्या खिडकीत

हेरोकूच्या इतिहासातलं एक वळण मला फार आवडतं. २००७ साली लिंडेनबॉम, विगिन्स आणि हेन्री या तिघांनी ते सुरू केलं, तेव्हा रेल्सचा कोड थेट ब्राउझरमध्येच लिहायचा होता. पण प्रोग्रामरला आपला एडिटरच प्यारा! मग भर आला कमांड लाइनवर. 'हेरोकू क्रिएट' म्हणायचं, मग 'गिट पुश हेरोकू मास्टर', की ॲप चालू. सर्व्हर भाड्याने घ्या, लिनक्स बसवा, ही सगळी उस्तवार गेली. डिसेंबर २०१० मध्ये सेल्सफोर्सने २१.२ कोटी डॉलरला खरेदी जाहीर केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र फुकटचा प्लॅन बंद झाला, आणि शिकणाऱ्यांचे कितीतरी प्रोजेक्ट उघडेनासे झाले. कमांड जवळपास तीच आहे (मास्टरच्या जागी मेन, एवढंच), पण आता आधी कार्ड जोडावं लागतं.